बाप दाखव, नाहीतर सातबारा काढ

दोस्तांनो, मी एक कथा लिहिली. गाव मोरगाव, तालुका बारामती. आज्याचं गाव. मी वाढलो पुण्याच्या झोपडपट्टीत. गाव पाहिलं ते लग्नामयताला. तरी बेधडक लिहिलं. बारामती म्हणजे ऊस, म्हणून जिकडंतिकडं ऊस. पाटील म्हणजे चाबूक, म्हणून चाबूक. पाटील आज्याला वतनाच्या रानातून फोडून काढतो, आजा शहराची वाट धरतो. मित्र म्हणाले, जबरदस्त!

आत्याला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आरं बाबा, हितं कुठला ऊस? कालवा तिकडं नीरंच्या अंगाला. आपलं जिराईत, बाजरीचं रान. आन् तुज्या आज्याला मारलं न्हाय कुणी. कागुद आला हुता."

झालं. माझा वास्तववाद आडवा.

मग कागद शोधला. जुने फेरफार काढले, कायदा वाचला. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बिल आणलं होतं. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाव वतनं रद्द झाली. वेठ गेली, बरं झालं. पण तीच जमीन नावावर करून घ्यायची तर कब्जेहक्काची रक्कम सरकारात भरायची. मुदतीत भरली नाही, तर पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूसच अनधिकृत कब्जेदार! आज्याची रक्कम भरलीच गेली नव्हती. चाबूक नव्हता, शाई होती.

काही दोस्त म्हणतात, अनुभव आमच्या कातड्यावर आहे, तपास पांढरपेशांनी करावा. 'गोलपिठा'ची प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकर ढसाळांबरोबर ती वस्ती फिरले. त्यांना फिरणं भागच होतं. ढसाळांना नव्हतं, ते तिथंच वाढले. पण मी मोरगावात वाढलो नाही. जात माझ्या अंगावर आहे, आज्याचं रान नाही. ते मी सिनेमातून उचललं आणि अनुभव म्हणून खपवलं. ही शुद्ध लबाडी.

आणि ती महागात पडते. खोटा ऊस सापडला की समोरचा हसतो आणि खरा अन्यायही खोटा ठरवून मोकळा होतो. शिवाय चाबूकवाला पाटील वाचून वाचक एका माणसावर चिडतो. कागद वाचून त्याला अख्खी व्यवस्था दिसते. मोरगावच्या शेजारी सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांवर उठले, त्यांनी कर्जाचे कागद जाळले. माणूस कशानं नागवला जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

याचा अर्थ पाटलांनी कुणाला मारलं नाही असा नाही. मारलं असेल तिथं लिहा, पण ते गाव, ते साल शोधून लिहा.

कथा फाडली. पुन्हा लिहितोय. आधी म्हाताऱ्यांना विचारा, मग कागद काढा. म्हातारी एक सांगते आणि कागद दुसरं, असं झालं तर घाबरू नका. ते भांडण हीच आपली कथा आहे.