नफ्याआधी भिंतीआडचा हिशेब

मुंबई : जुनी सदनिका घेऊन, तिचे नूतनीकरण करून चढ्या भावाने विकण्याचा व्यवहार कागदावर आकर्षक दिसतो. प्रत्यक्षात १ कोटी रुपयांच्या सदनिकेवर मुंबईत ६ टक्क्यांप्रमाणे ६ लाख रुपये मुद्रांक शुल्क आणि ३० हजार रुपये नोंदणी शुल्क कामापूर्वीच भरावे लागते. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात फरशी व रंग असतात. गंजलेल्या जलवाहिन्या, जुनाट वायरिंग आणि न्हाणीघरातील गळती मात्र भिंत फोडल्यावरच उघड होते. काम लांबले की कर्जाचे व्याज वाढते. २४ महिन्यांच्या आत विक्री केल्यास नफा अल्पकालीन ठरून त्यावर उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर लागतो. पावतीविना केलेला खर्च वजा करून घेणेही अवघड असते. अपेक्षित विक्री किमतीतून हे सारे आणि आपला नफा वजा केल्यावर उरेल, तीच खरेदीची कमाल मर्यादा मानणे शहाणपणाचे.