राळ, भुसा आणि पडद्यावरचा स्फोट

लहानपणी आलापल्लीत आमच्याकडे भुशाची शेगडी होती. ठासून भरलेला सागवानाचा भुसा, मधे एक भोक. एकदा पेटवली की तासन्‌तास गुमान जळायची. आणि रात्रीच्या नाटकात राक्षस आला की विंगेतून कुणीतरी टेंभ्यावर राळेची पूड उधळायचं. भप्पकन जाळ! आम्ही पोरं किंचाळायचो.

जळणारी वस्तू दाबून ठेवली तर शेगडी, बारीक करून हवेत उधळली तर राळ. पुढे नोकरीत जे शिकलो त्याचं सार एवढंच. फरक इतकाच, की नाटकाचा मंडप उघडा असतो. बंद खोलीत तोच जाळ भिंती फोडून बाहेर पडतो.

मी पोटापाण्यासाठी कॉम्प्युटरवर अशा स्फोटांची मॉडेल्स करतो. मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा मित्राच्या मोठ्या भावाने आपली फर्निचरची नवी शेड दाखवली. आरा, रंधा, सँडिंगची मशीन, सगळं एका बंद छताखाली. कैच्यांवर पिठासारखी धूळ. मी उत्साहाने लॅपटॉप उघडला, शेडची मापं टाकली, लाकडाच्या धुळीचे आकडे तयार तक्त्यातून उचलले. पडद्यावर लाल-पिवळा ढग फुगला, दाब बेताचा निघाला. दादा खूश. म्हणाला, "म्हणजे आपल्या इथं काही होत नाही ना रे भाऊ?"

मला उत्तर देता येईना. तक्त्यातलं लाकूड सागवान नव्हतं. त्याची जाडी, त्याचा ओलावा, काहीच दादाच्या शेडमधलं नव्हतं. चित्र मात्र इतकं देखणं होतं, की माझाही क्षणभर विश्वास बसला होता.

हे आकडे येतात कुठून? 20 लिटरच्या पोलादी गोळ्यात धूळ फुंकतात, 60 मिलिसेकंदांनी पेटवतात आणि दाब किती वेगाने चढला ते मोजतात. मग तो वेग मोठ्या जागेसाठी गणिताने ताणतात. पण गोळ्यातली घुसळण आणि शेडमधली घुसळण एक नव्हे. म्हणून मॉडेलचं उत्तर मोठ्या, खऱ्या प्रयोगाशी ताडून बघावं लागतं. नॉर्वेत एकहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात 236 घनमीटरच्या सायलोत मक्याच्या स्टार्चचे स्फोट घडवून दाब मोजले. सायलो तोच, स्टार्च तोच, फक्त ठिणगीची जागा बदलली. वर, झडपेजवळ पेटवलं तर दाब किरकोळ. तळाशी पेटवलं तर कितीतरी जास्त. आता सांगा, दादाच्या शेडमध्ये ठिणगी कुठे पडेल हे मी कसं ठरवणार?

मॉडेल निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. दाब सोडायला झडप कुठे आणि केवढी ठेवावी, हे त्याच्याइतकं स्वस्तात कोणी सांगत नाही. कारखाने फोडून तर शिकता येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की "कोणत्या प्रयोगाशी ताडलं?" हा प्रश्न मॉडेल बघणाऱ्याने पहिला विचारावा, आणि दाखवणाऱ्याने तो विचारायची वेळच येऊ देऊ नये. आपल्या लाकडाची, आपल्या उन्हाळ्यातली धूळ मोजल्याशिवाय दिलेला दिलासा हा दिलासा नव्हे.

कॅनडात 2012 साली, जानेवारीत बर्न्स लेकला आणि एप्रिलमध्ये प्रिन्स जॉर्जला, दोन आरागिरण्या अशाच उडाल्या. दोन्हीकडे दोन-दोन कामगार गेले. तिथे भुंग्यांनी मारलेल्या पाइनचं वाळकं लाकूड कापलं जात होतं, म्हणजे धूळ नेहमीपेक्षा कोरडी. आमच्या मे महिन्यातलं लाकूड किती कोरडं असतं, ते आलापल्लीकरांना सांगायला नको.

शेवटी त्या संध्याकाळी मी कागदावर साधा हिशोब केला. भुसा घनमीटरला 200 किलो धरला, तर एक मिलिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम. शेड चार मीटर उंच. तो सगळा हवेत उठला तर घनमीटरमागे 50 ग्रॅम. लाकडाच्या बारीक धुळीला पेट घ्यायला साधारण एवढंच पुरतं. आणि तो उठवायला पहिला छोटा भडकाच पुरतो. घात करतो तो दुसरा.

"मग काय करू?" दादाने विचारलं.

"दादा, आधी कैच्या साफ करा. झाडूने उडवू नका, ओढून घ्या. मशीनपाशीच धूळ खेचायची सोय करा. मग मी मॉडेल करतो."

1948 च्या कारखाने अधिनियमात, कलम 37 मध्ये, हेच लिहिलं होतं: धूळ साचू देऊ नका, ठिणगी दूर ठेवा. तेव्हा कुणाकडे लॅपटॉप नव्हता.

परवा दादाचा फोन आला. कैच्या साफ झाल्यात म्हणाला. आता पिशवीभर धूळ मागवली आहे, आधी ती गोळ्यात टाकून बघणार. ते रंगीत चित्र मात्र मी पुसून टाकलं.