आळंदच्या वाट्याला तीन शाळा

2025 च्या मे महिन्यात कर्नाटकाच्या एस.एस.एल.सी.चा (म्हणजे दहावीचा) निकाल लागला आणि आमचा कलबुर्गी जिल्हा (जुन्या माणसांच्या तोंडी अजून गुलबर्गाच) 42.43 टक्क्यांवर, राज्याच्या तळाला जाऊन बसला. वरच्या टोकाला दक्षिण कन्नड, 91.12. जिल्ह्यातल्या आमच्या आळंद तालुक्यात चहाच्या टपऱ्यांवर त्या आठवड्यात दोनच मतं ऐकू येत होती. पहिलं असं की पोरांना धाक उरला नाही, तेव्हा दरवर्षी सगळ्यांची कडक परीक्षा घ्या, शाळांचे नंबर लावा आणि खालच्या नंबरवाल्या मास्तरांना धरा. दुसरं असं की परीक्षा काय, सर्वेक्षणं काय, सगळे कागद रंगवायचे धंदे. बंद करून टाका. पहिलं मत साहेबलोकांना आवडतं, दुसरं मास्तरलोकांना. मला दोन्ही पटत नाहीत.

आधी धाकवाल्यांचं ऐकू. त्यांचा सगळा भरवसा असा, की मोजलं की सुधारतं. पण मोजमापाला बक्षीस किंवा शिक्षा चिकटवली की आधी मापच बिघडतं. याचा पुरावा घरातच आहे. 2023 साली एस.एस.एल.सी.चा राज्याचा निकाल होता 83.89 टक्के. 2024 साली परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे लागले, वेबकास्टिंग सुरू झालं, आणि निकाल आला 73.40, तोही उत्तीर्णतेची अट सैल करून, ग्रेस मार्क 20 टक्क्यांपर्यंत वाढवून. एका वर्षात कर्नाटकातली पोरं मठ्ठ झाली, असं कुणी म्हणणार आहे का? पोरं तीच होती. नवा होता तो भिंतीवरचा कॅमेरा.

ही खोड फक्त आपली नाही. इंग्लंडात 1862 साली रॉबर्ट लो याने नियम आणला की तपासनिसासमोर जितकी पोरं वाचून-लिहून दाखवतील त्या हिशेबाने शाळेला अनुदान. मॅथ्यू अर्नोल्ड कवी म्हणून मोठा, पण पोटासाठी शाळातपासनीस होता. त्याने अहवालात लिहून ठेवलं की नीट घोकून घेतलं तर वाचता न येणारं पोरही वाचनात पास करता येतं. आपल्याकडचा ‘दिपोटी’ (शाळा तपासायला येणारा डेप्युटी) ज्यांनी पाहिला किंवा घरात ऐकला, त्यांना हे वेगळं सांगायला नको. दिपोटी यायच्या दिवशी हुशार पोरं पहिल्या रांगेत आणि कच्ची पोरं घरी. दीडशे वर्षांनी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात गुणांवर नोकऱ्या टांगल्या गेल्या, तेव्हा शिक्षकांनीच उत्तरपत्रिकांतली चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2015 साली 11 जण दोषी ठरले.

शिवाय ‘सगळ्यांची परीक्षा’ हा प्रयोग कर्नाटकाने करूनही पाहिला. 2024 च्या मार्चमध्ये पाचवी, आठवी, नववीच्या बोर्डाच्या परीक्षा निघाल्या. एका न्यायमूर्तींनी रद्द केल्या, खंडपीठाने चालू ठेवल्या, एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालच रोखले. आता दहा वर्षांच्या पोराला कोर्टाच्या तारखा समजावून सांगा.

मग बंदच करावं? इथे मला मास्तर मित्रांशी भांडावं लागतं. सर्वेक्षणं नव्हती तेव्हा सरकार काय मोजायचं? पटावरची नावं, खोल्या, नळ, संडास. पोराला वाचता येतं का, हा प्रश्न दप्तरात क्वचितच असायचा. 2005 पासून ‘असर’ या बिगरसरकारी पाहणीचे लोक घरोघरी जाऊन दुसरीचा उतारा पोरांपुढे धरू लागले, तेव्हा तो चव्हाट्यावर आला. 2024 च्या ‘असर’मध्ये देशभरातल्या खेड्यांतील सरकारी शाळांतल्या तिसरीच्या पोरांपैकी 23.4 टक्क्यांनाच तो उतारा वाचता आला. त्याच साली 4 डिसेंबरला झालेल्या सरकारच्या ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षणा’त तिसरीच्या 55 टक्के पोरांनाच 99 पर्यंतचे आकडे चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आले आणि सहावीच्या 53 टक्क्यांनाच दहापर्यंतचे पाढे येत होते. सर्वेक्षण बंद पडलं तर ज्याचं पोर ट्यूशनला जातं त्याचं काही अडत नाही. त्याला घरीच कळतं. तांड्यावरच्या आईला सांगायला मात्र कुणी उरत नाही. आणि आरसा नको म्हणण्यात सरकारही मास्तरांच्या मागे नाही. 2009 च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत तमिळनाडू आणि हिमाचल 74 जणांत 72 वे आणि 73 वे आले, तेव्हा दिल्लीने पुढच्या फेऱ्यांतून अंगच काढून घेतलं.

बंदवाल्यांचं एक म्हणणं मात्र मान्य केलं पाहिजे : सरकारी सर्वेक्षणाचे आकडे फुगतात. संशोधकांनी ते इतर पाहण्यांशी ताडून पाहिले, तर राज्यांचे क्रमही जुळले नाहीत. म्हणून मोजणं सोडायचं नाही, मोजायची रीत बदलायची. आणि ती कुठे बदलायची, हे आळंदमधून फार स्वच्छ दिसतं.

साधा भागाकार करा. परखमध्ये देशभरात 781 जिल्हे, 74,229 शाळा, 21 लाख 15 हजार विद्यार्थी. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी 95 शाळा. कलबुर्गीत तालुके 11. आळंदच्या वाट्याला आठ-नऊ शाळा. इयत्ता तीन : तिसरी, सहावी, नववी. म्हणजे एका इयत्तेमागे तालुक्यातून तीन शाळा. या तिनांत कन्नड, उर्दू, मराठी अशी तिन्ही माध्यमं बसवून दाखवा! जिल्ह्याची सरासरी काढायला हा नमुना पुरतो, यात वाद नाही. पण त्या सरासरीवरून आळंदच्या मराठी शाळेबद्दल बोलणं म्हणजे गुलबर्ग्यात पाऊस झाला म्हणून आमच्या तालुक्यातल्या खजुरीत पेरणी करणं.

त्यातून भाषेचा गुंता. इथे घरी मराठी आणि शाळा कन्नड, घरी लमाणी आणि शाळा कन्नड, घरी कन्नड आणि शाळा इंग्रजी, असली पोरं एकाच गल्लीत सापडतात. तांड्यावरची पोरगी तुरीच्या पोत्यांचा हिशेब बापाआधी तोंडी सांगते आणि तोच हिशेब चार ओळींच्या कन्नड गोष्टीत घातला की तिचं उत्तर चुकतं. मग ती गणितात कच्ची की कन्नडात? अहवालात ती गणिताच्या रकान्यात पडते. ही आमच्याकडची जुनी दुखणी आहेत. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचं माध्यम उर्दू होतं. घरी मराठी किंवा कन्नड बोलणारं पोर बीजगणितात गळलं की उर्दूत, हे त्या काळीही कुणी विचारलं नाही. 1956 साली राज्य बदललं, प्रश्न तसाच राहिला.

तारखेचंही बघा. 2021 चं सरकारी सर्वेक्षण 12 नोव्हेंबरला, परख 4 डिसेंबरला. दिवाळी सरली की आमच्या तांड्यांवरची घरं कुलूप लावून मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर नाहीतर उसाच्या फडांवर जातात. डिसेंबरात इथे तुरीची काढणी. त्या दिवशी वर्गात बसलेली पोरं मोजली जातात. न बसलेली ना नापास, ना पास.

तेव्हा माझं मागणं असं. अमेरिकेत 1969 पासून चालणाऱ्या राष्ट्रीय पाहणीत मुळात नमुनाच घेतात, पोराला स्वतःचे गुण मिळत नाहीत, एकेका पोराला प्रश्नांचा थोडाच वाटा येतो. आपला सांगाडाही बराचसा तसाच आहे, तो ठेवा. त्यावर चढवलेली क्रमवारी काढून टाका. जिल्ह्याच्या डीडीपीआय साहेबांना नंबराची भीती नसेल तर तालुक्याचे बीइओ सराव-परीक्षांचे फतवे काढणार नाहीत. माध्यमांचा नमुना जिल्ह्याच्या चौकटीत कोंबू नका : बीदर, कलबुर्गी, विजयपुरा, बेळगाव यांतल्या मराठी शाळांचा एक गट, तसाच पलीकडे अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जतच्या कन्नड शाळांचा एक गट धरा, म्हणजे आकड्याला वजन येईल. गणित चुकलं तर तोच प्रश्न घरच्या भाषेत तोंडी विचारा, आणि दोन्ही उत्तरं वेगळी नोंदवा. त्या दोहोंतला फरक हाच शिक्षकाच्या उपयोगाचा. दर वीस शाळांमागे एका शाळेत त्रयस्थ माणसाकडून पुन्हा चाचणी घ्या. आणि एक तुकडी तांड्यावर, फडावर पाठवा.

त्रयस्थ माणूस आणायचा कुठून, असं विचारतील. सीमेपलीकडच्या उमरग्याहून आणा, तिथून खजुरीमार्गे आळंद लांब नाही. तिथल्या बी.एड.च्या पोरांना मराठी येतं, आणि आळंदच्या मास्तरांशी त्यांचं देणंघेणं नाही. महाराष्ट्राची पोरं आमच्या शाळा तपासणार म्हणून बेळगावपासून बोंब उठेल, हे मला ठाऊक आहे. उठू द्या. त्याच आठवड्यात अक्कलकोटच्या कन्नड शाळांत आळंदची पोरं चाचणीचे कागद घेऊन बसलेली असतील, तेव्हा तिकडूनही तितकीच मोठी बोंब येईल.