आपली परसबाग : भेंडीचं पिवळं पान



शाळा सुरू झाली, वह्यांना कव्हरं घालून झाली, पावसानंही हजेरी लावली. म्हणजे आता भेंडी पेरायला हरकत नाही! जून-जुलै हा पावसाळी भेंडीचा हंगाम. परसात वाफा असेल तर उत्तमच, नाहीतर गच्चीत तेलाचा रिकामा डबासुद्धा चालतो. पण पेरण्याआधी आमची गेल्या वर्षीची फजिती ऐका. चूक माझीच होती, म्हणून लपवत नाही.

माझी पुतणी तेव्हा सहावीत होती. तिनं गच्चीत सहा डब्यांत सहा भेंड्या लावल्या. रोज सकाळी दप्तर भरायच्या आधी गच्चीत एक फेरी ठरलेली! ऑगस्टमध्ये फुलं आली, मग पहिल्या चार भेंड्या निघाल्या. चार भेंड्यांची भाजी ती काय होणार? आईनं त्या आमटीत टाकल्या. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन फोडी आल्या आणि बाईसाहेब दिवसभर ऐटीत होत्या.

एका सकाळी ती धावत खाली आली. ‘‘काका, तिसऱ्या झाडाचं पान बघ ना, कशी छान पिवळी जाळी पडलीय!’’

मी पाहिलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. पानाच्या शिरा हळदीसारख्या पिवळ्या आणि शिरांमधला भाग हिरवा. हा भेंडीचा सगळ्यांत वाईट रोग. कुणी त्याला केवडा म्हणतं, कुणी हळद्या.

‘‘हे झाड उपटायला हवं,’’ मी म्हणालो.

तिचे डोळे भरून आले. ‘‘पण त्याला कळ्या आल्यात रे! थोडं खत घालून बघू या ना.’’

आणि इथे मी चुकलो. मला सगळं ठाऊक असून मी म्हणालो, ‘‘बरं, आठ दिवस बघू.’’ आम्ही शेणखत घातलं, पाणी घातलं. आठाचे बारा दिवस झाले. तेराव्या दिवशी पहिल्या आणि चौथ्या झाडावरही तीच पिवळी जाळी! एकाला वाचवायला गेलो आणि तीन गमावली.

असं का झालं?

हा रोग एका विषाणूमुळे होतो. विषाणूला स्वतःला चालता येत नाही, उडता येत नाही. त्याचं वाहन म्हणजे पांढरी माशी. नाव माशी असलं तरी ही मोहरीच्या दाण्याहूनही लहान. पानाच्या खालच्या बाजूला बसून ती रस शोषते. रोगट झाडाचा रस पिऊन निरोगी झाडावर बसली, की विषाणू तिकडे पोचलाच म्हणून समजा. आपल्याला सर्दी झाली तर चार दिवसांनी बरी होते. झाडाचं तसं नाही. हा विषाणू एकदा शिरला की झाडाला बरं करणारं औषधच नाही. खत घालून तो पळत नाही. पुढे नवी पानं सगळीच पिवळी येतात, भेंड्या पिवळट, आखूड आणि चरबट निघतात.

शेतकऱ्यांना तर या रोगानं फार छळलं. म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. त्यांनी ‘पुसा सावनी’ या भेंडीचा तिच्या एका दूरच्या नातलग जातीशी संकर केला. त्यातून पुढे निवड करत करत या रोगाला दाद न देणारा वाण 1980च्या दशकात आला. त्याचं नाव ‘परभणी क्रांती’. बियाणं घेताना दुकानदाराला रोगाला तोंड देणारा वाण मागा. पण हेही लक्षात ठेवा, की असा वाण लावला तरी पानं तपासायची सुटी मिळत नाही!

आता पेरू या

डबा निदान एक फूट खोल हवा. भेंडीचं सोटमूळ सरळ खाली जातं, म्हणून तिला उथळ कुंडी आवडत नाही आणि उपटून दुसरीकडे लावलेलंही आवडत नाही. जिथे वाढवायची तिथेच बी टाका. डब्याच्या तळाला चार-पाच भोकं पाडून घ्या. हे काम मोठ्या माणसांचं बरं का! दोन भाग माती आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एकत्र करून डबा भरा.

भेंडीच्या बियांचं कवच टणक असतं. घरचं साधं बी असेल तर रात्रभर पाण्यात भिजवा. एका डब्यात दोन बिया, बोटाच्या पेराएवढ्या खोल. आठवड्याभरात कोंब दिसतील. दोन्ही उगवले तर जोमदार ठेवा आणि दुसरा कात्रीनं मुळाशी कापा. वाफ्यात पेरत असाल तर दोन झाडांत एक फूट अंतर सोडा. ऊन दिवसाचं पाच-सहा तास तरी हवं. पाऊस असेल तर पाणी नकोच. उघडीप पडली की मातीत बोट खुपसून बघा, कोरडी लागली तरच घाला.

साधारण दीड महिन्यानं फूल येईल. फिकट पिवळं आणि मध्ये गडद जांभळट-तांबडं. नीट बघा, कुणाची आठवण होते? जास्वंदीची! जास्वंद, कापूस, अंबाडी आणि भेंडी एकाच कुळातली भावंडं. फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. तेव्हा फूल बघायचं असेल तर शाळेत जाण्याआधीच बघा. पुढे पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला तयार. बोटाएवढी झाली की दिवसाआड तोडत राहा. झाडावर जून होऊ दिलीत तर झाड नवी फुलं कमी देतं. तोडताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, कारण भेंडीच्या झाडावरच्या बारीक लवेनं अंगाला खाज सुटते.

पहारा कसा ठेवायचा?

रोज दोन मिनिटं पानं उलटी करून बघा. झाड हळूच हलवलं आणि पांढरी धूळ उडाल्यासारखं दिसलं, तर पांढरी माशी आली. एका पिवळ्या जाड कागदावर एरंडेल तेल फासून तो काडीला बांधा आणि झाडाजवळ खोचा. पिवळ्या रंगाला भुलून माश्या त्याला चिकटतात. मोठ्यांच्या मदतीनं निंबोळी अर्कही फवारता येतो. 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी गाळून एकूण 1 लीटर पाणी करायचं आणि पानांच्या खालूनही फवारायचं.

आणि एवढं करूनही शिरा पिवळ्या दिसल्या तर? मग ‘आठ दिवस बघू’ नाही! सकाळच्या गारव्यात झाडावर हलकेच एक मोठी पिशवी घाला, म्हणजे माश्या उडून शेजारच्या झाडावर जाणार नाहीत. मग झाड मुळासकट उपटा, पिशवीचं तोंड बांधा आणि बागेपासून दूर खड्ड्यात पुरा. माती फेकू नका. हा विषाणू मातीत राहत नाही.

आमची उरलेली तीन झाडं अशीच वाचली. तिसऱ्या, पहिल्या आणि चौथ्या झाडावर पिशवी पुतणीनं स्वतः घातली. रडली थोडी, पण घातली. सगळ्यांत निरोगी झाडावर तिनं एक भेंडी तोडलीच नाही. ती महिनाभरात वाळून तपकिरी झाली, कडांवर तडकली आणि हलवली की खुळखुळ वाजायला लागली. त्या बिया राख घालून काचेच्या बाटलीत ठेवल्या होत्या. या आठवड्यात त्यातल्याच सहा डब्यांत पेरल्या आहेत.

आईबाबांसाठी दोन शब्द : पाकिटातल्या बियाण्याला पुष्कळदा औषध चोळलेलं असतं. ते गुलाबी किंवा निळ्या रंगाचं दिसतं. असं बी भिजवू नका, तुम्हीच पेरा आणि हात साबणानं धुवा. संकरित बियाण्याच्या झाडाचं बी पुढच्या वर्षी ठेवून तशीच भेंडी मिळत नाही, हेही मुलांना सांगा. आणि मूल रोगट झाड उपटायला तयार नसेल, तर त्याला रागावू नका. का उपटायचं ते समजावा, आणि शेवटी उपटू द्या त्यालाच.

या आठवड्याचा उद्योग : एक डबा, दोन बिया. वहीत पेरल्याची तारीख लिहा, मग कोंब, पहिलं फूल आणि पहिली भेंडी यांच्या तारखा लिहा. पहिल्या भेंडीचं काय केलंत, ते आम्हाला पत्रानं नक्की कळवा हं!