मुतखड्याच्या शस्त्रक्रियेआधी एक प्रश्न जरूर विचारा

मुतखडा मोठा आहे, पाठीतून छिद्र पाडून काढावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की घरचे लोक आधी खर्च विचारतात आणि मग किती दिवस ॲडमिट राहावे लागेल ते. हे प्रश्न विचाराच, पण आणखी एक विचारा: 'डॉक्टर, माझ्या मूत्रपिंडात शिरायची वाट कुठून ठरवली आहे?'

ही शस्त्रक्रिया, म्हणजे पीसीएनएल, 1976 मध्ये स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी जगापुढे मांडली. साधारण दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्यांसाठी आजही तीच मुख्य मानतात. पाठीतून सुई घालायची, तिच्या वाटेने नळी सरकवायची, दुर्बिणीने खडा पाहून फोडायचा आणि तुकडे बाहेर काढायचे. यातले सर्वांत अवघड काम पहिल्या सुईचे. मूत्रपिंडाच्या आतले कप्पे प्रत्येकाचे निराळे असतात. भोवती रक्तवाहिन्यांचे जाळे, वर फुप्फुसाचे आवरण, शेजारी मोठे आतडे. वाट चुकली तर रक्तस्राव होतो, क्वचित शेजारच्या अवयवाला इजाही होते.

म्हणूनच अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात डॉ. अहमद गाझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शस्त्रक्रियेची रंगीत तालीम शक्य करून दाखवली. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून संगणकात त्याच्या मूत्रपिंडाचे चित्र तयार होते. त्यावरून थ्रीडी प्रिंटरने साचे बनवतात आणि त्यांत पाणी धरून ठेवणारा, मांसासारखा मऊ हायड्रोजेल ओततात. आत खडाही त्याच जागी, त्याच आकाराचा. नेहमीच्याच अवजारांनी सर्जन आधी या प्रतिकृतीवर शस्त्रक्रिया करतो, मग रुग्णावर. चूक व्हायचीच असेल तर ती जेलवर होते.

अशी प्रतिकृती आपल्या जवळच्या रुग्णालयात मिळेलच असे नाही, आणि तिच्यासाठी हट्ट धरण्याचेही कारण नाही. अनुभवी सर्जन सीटी स्कॅन नीट पाहून वाट आधीच आखतो. त्याला पुरेशी माहिती देणे मात्र आपल्या हातात आहे.

स्कॅनचा नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, मूळ चित्रांची सीडीही न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, परस्पर बंद करू नका. लघवीची कल्चर तपासणी टाळू नका. जंतू असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त व्हायला हवा. अशा शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता का, हे विचारायला संकोचू नका. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. आणि आत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, ठेवला असेल तर तो काढायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. बरे वाटले म्हणून विसरलेला स्टेंट मोठा त्रास देतो.

हे सगळे ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी. कुशीत कळ आणि सोबत थंडी-ताप असेल किंवा लघवी बंद झाली असेल, तर सीडी शोधत बसू नका. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.