तडीपारी : संशयाची शिक्षा आणि न्यायाची चौकट

वस्तीतला एखादा गुंड तडीपार झाल्याची बातमी येते तेव्हा सामान्य माणसाला हायसे वाटते, आणि त्या समाधानाची चेष्टा करण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. ज्या गल्लीत हातगाडीवाल्याला रोज हप्ता द्यावा लागतो, जेथे मुलींना संध्याकाळनंतर घराबाहेर पडण्याची भीती वाटते, तेथे न्यायालयात उभे राहून साक्ष देणे ही सोपी गोष्ट नव्हे. आपल्याच कार्यकर्त्यांनी 'अमक्याला तडीपार करा' अशी निवेदने अनेकदा पोलीस चौकीवर नेऊन दिली आहेत. म्हणूनच या अधिकाराचा विचार आपण स्वतःपासून सुरू केला पाहिजे.

कायदा काय सांगतो ते प्रथम पाहू. 1951 च्या मुंबई पोलीस अधिनियमातील, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील, कलम 55 टोळ्यांना लागू होते, तर कलम 57 पूर्वी शिक्षा झालेल्यांना. कलम 56 मात्र ज्याच्यावर एकही गुन्हा शाबीत झालेला नाही अशा माणसालाही लागू होऊ शकते. त्याच्या हालचालींमुळे लोकांच्या जीवितास वा मालमत्तेस धोका आहे, किंवा तो हिंसक गुन्हे करीत आहे असे मानण्यास सबळ कारण असून साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येण्यास तयार नाहीत, असे अधिकाऱ्याचे मत झाले की पुरे. शहरात पोलीस अधिकारी आणि ग्रामीण भागात दंडाधिकारी त्या माणसाला जिल्ह्यातून, प्रसंगी लगतच्या जिल्ह्यांतूनही, दोन वर्षांपर्यंत बाहेर काढू शकतो.

याला उतारा म्हणून कलम 59 आहे. आरोपांचे 'सर्वसाधारण स्वरूप' संबंधिताला लेखी कळवावे, त्याला खुलासा करण्याची, साक्षीदार आणण्याची व वकील देण्याची संधी मिळावी, असे ते सांगते. कागदावर ही व्यवस्था बरी दिसते. परंतु सारी मेख 'सर्वसाधारण स्वरूप' या दोन शब्दांत आहे. बाजारात हमाली करणाऱ्या एका तरुणाने काही वर्षांपूर्वी आपल्याला आलेली नोटीस मला वाचावयास दिली होती. तो परिसरात दहशत माजवितो, लोकांना मारहाणीच्या धमक्या देतो, म्हणून कोणी तक्रार करण्यास धजत नाही, एवढेच तीत होते. कोणत्या महिन्यात, कोणत्या ठिकाणी, काय घडले याचा उल्लेख नव्हता. 'सर, मी उत्तर कशाला देऊ?' हा त्याचा प्रश्न होता. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. कायदा शिकविणाऱ्याजवळ तरी ते असेल असे मला वाटत नाही. ज्या आरोपाला स्थळ नाही आणि काळ नाही, तो खोटा आहे हे सिद्ध करण्याचा मार्ग जगात कोठेही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1956 साली ही कलमे घटनात्मक ठरविली. पुढे पंढरीनाथ रांगणेकर यांच्या प्रकरणात न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी सांगितले की, तपशील दिल्यास साक्षीदारांची ओळख उघड होईल व कलमाचा हेतूच विफल होईल. या युक्तिवादात तथ्य आहे. पण साक्षीदाराचे नाव झाकणे आणि घटनाच झाकणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीची गरज मान्य केली म्हणून दुसरी आपोआप न्याय्य ठरत नाही. याच न्यायमूर्तींनी सरन्यायाधीश या नात्याने 1985 साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निर्वाळा दिला. हे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. हमालाची, फेरीवाल्याची, घरकामगाराची कमाई ठिकाणाशी बांधलेली असते. बाजार, ओळखीचे गिऱ्हाईक, उधारी देणारा दुकानदार हेच त्याचे भांडवल. पैसेवाला तडीपार झाला तर दुसऱ्या शहरात खोली घेऊन फोनवरून धंदा चालवितो. गरीब तडीपार झाला की त्याच्या घरची चूल विझते. एकच हुकूम, पण त्याचे ओझे वर्गावर्गांत असे असमान पडते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आणखी एक मुद्दा मांडतो. ज्या निर्णयाच्या चुकीची किंमत निर्णय घेणाऱ्याला मोजावी लागत नाही, त्या निर्णयाचा वापर प्रमाणाबाहेर होतो. खटला भरावयाचा तर तपास करावा लागतो, पुरावा जमवावा लागतो, न्यायालयात उलटतपासणी सोसावी लागते. तडीपारीत हे सारे श्रम वाचतात. आणि समाजाचा लाभ म्हणावा, तर पुण्याचा उपद्रव साताऱ्याला पाठविल्याने राज्यातील उपद्रवाची बेरीज कशी कमी होते? खरा गुंड शेजारच्या जिल्ह्यात नवे साथीदार जोडतो. भरडला जातो तो नोटीस चुकून आलेला.

आणि प्रत्येक वेळी ती चुकूनच येते असेही नाही. 1980 साली न्या. कृष्ण अय्यर यांच्यापुढे दिल्लीचे एक प्रकरण आले. पाणी विकणाऱ्या एका गरीब माणसाचे म्हणणे असे की, पोलिसांनी आपल्याला हजारो खटल्यांत साक्षीदार म्हणून उभे केले, आणि आपण नकार देताच हद्दपारीची कारवाई सुरू केली. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने अमरावतीच्या एका पत्रकाराचा हद्दपारीचा हुकूम रद्द केला; सार्वजनिक निधीच्या विनियोगाविषयी माहितीच्या अधिकारात अर्ज करण्याचा खटाटोप त्याने केला होता. 2022 साली जालना जिल्ह्यातील प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावले की, हद्दपारी हा असाधारण उपाय आहे आणि कमाल दोन वर्षांची मुदत घालावयाची तर तिची कारणे असली पाहिजेत.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. 1950 साली हिंदू महासभेचे अध्यक्ष डॉ. ना. भा. खरे यांना दिल्लीतून तीन महिन्यांसाठी हद्दपार करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो हुकूम उचलून धरला; दोन न्यायमूर्तींनी भिन्न मत नोंदविले. खऱ्यांचे राजकारण आपल्याला कधीच मान्य नव्हते. तरीही त्या प्रकरणात आपण भिन्नमताच्या बाजूला उभे राहिले पाहिजे, कारण विरोधकावर चालविलेले हत्यार उद्या मोर्चा काढणाऱ्या कामगारावरही चालते. मोर्च्यात दाखल झालेले गुन्हे जोडून 'सवयीचा उपद्रवी' तयार करणे अवघड नसते.

तेव्हा मागणी काय करावी? तडीपारी सरसकट रद्द करा असे मी म्हणत नाही. भेदरलेल्या वस्तीला ते पटणार नाही, आणि पटू नये. मात्र चार गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. नोटिशीत साक्षीदाराचे नाव नसले तरी प्रत्येक घटनेचा महिना, ठिकाण व स्वरूप असावे. गोपनीय जबाब प्रस्ताव पाठविणाऱ्या ठाण्याबाहेरच्या, शक्यतो न्यायिक, अधिकाऱ्याने प्रत्यक्ष तपासावेत. मुदत व क्षेत्र यांची कारणे हुकुमात लिहावीत. आणि कलम 60 प्रमाणे आज शासनाकडे जाणारे अपील जिल्हा न्यायाधीशाकडे जावे व ठरलेल्या दिवसांत निकालात निघावे. ज्याच्या यंत्रणेने हुकूम काढला त्याच्याकडेच दाद मागणे ही थट्टा आहे.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांना करण्याजोगे बरेच आहे. नोटीस आलेला माणूस बहुधा ती घडी घालून खिशात ठेवतो आणि मुदत निघून जाते. त्याला वकील मिळवून द्या, तपशिलाची लेखी मागणी करा, त्याच्या बाजूचे साक्षीदार हजर करा, अपिलाची तीस दिवसांची मुदत चुकू देऊ नका. आणि पुढच्या वेळी आपण स्वतः कोणाच्या तडीपारीचे निवेदन घेऊन चौकीवर जाऊ, तेव्हा त्यात स्थळ, काळ आणि घटना लिहू. जे आपल्याला लिहिता येत नाही, त्यासाठी दुसऱ्याला घराबाहेर काढा असे आपण सरकारला सांगू नये.