रस्त्यावरचा उपदेशक आणि ऐकणाऱ्याचे स्वातंत्र्य

एखाद्या गर्दीच्या चौकात किंवा रेल्वे स्थानकाबाहेर एक मनुष्य उभा राहतो, अनोळखी वाटसरूच्या हाती शुभवर्तमानाची लहानशी पुस्तिका ठेवतो आणि येशू ख्रिस्ताविषयी दोन शब्द ऐकून घेण्याची विनंती करतो. वाटसरूपुढे चार मार्ग मोकळे असतात. तो पुस्तिका खिशात घालील, नाकारून पुढे जाईल, थांबून वाद घालील किंवा ऐकलेल्याचा घरी जाऊन विचार करील. या चारही मार्गांवर पोलिसांना काही काम नाही. तरीही गेल्या काही वर्षांत अनेक राज्यांत या साध्या व्यवहारात पोलीस ठाणे, जिल्हा दंडाधिकारी आणि जमाव असे तिघे पक्षकार होऊन शिरले आहेत. उपदेशकाचे म्हणणे खरे की खोटे, हा येथे प्रश्नच नाही. रस्त्यावरच्या सामान्य माणसाला स्वतःचे मन आहे, हे राज्यसत्ता मान्य करते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

महाराष्ट्राला हा उपदेशक नवा नाही. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि त्यांनी बाजारांतून व रस्त्यांतून मराठीत प्रवचने सुरू केली. त्यांची भाषा नेहमीच सौम्य होती असे नाही. येथील देवदेवतांची व आचारांची त्यांनी कठोर निंदा केली आणि समाज त्याने दुखावला. पण या समाजातून त्याला उत्तर कसे मिळाले, हे आज मुद्दाम आठवण्यासारखे आहे. १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद रंगले. श्रोत्यांची गर्दी जमे, प्रश्न आणि उत्तरे सर्वांदेखत होत. जॉर्ज बोवेन या प्रतिपक्षाच्या मिशनऱ्यानेच त्या वादांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आपला धर्म धोक्यात आहे असे विष्णुबुवांनाही वाटत होते. परंतु त्यावर त्यांना सुचलेला उपाय प्रतिवादाचा होता. याच विष्णुबुवांनी पुढे १८६७ साली ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहून सर्व जमीन सर्वांच्या मालकीची असावी आणि पीक सामायिक कोठारातून सर्वांना मिळावे, अशी व्यवस्था मांडली. ज्याला स्वतःच्या विचारावर भरवसा असतो, त्याला दुसऱ्याचे तोंड बंद करण्याची गरज भासत नाही.

तोंड बंद करण्याची गरज भासली ती सरकारला, आणि तीही ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सरकारला. सप्टेंबर १८८२ मध्ये मुक्तिफौजेची चार माणसे मुंबईच्या बंदरात उतरली. सनदी नोकरीचा राजीनामा दिलेला फ्रेडरिक टकर हा त्यांचा नायक. अंगावर देशी वेष चढवून ही मंडळी वाद्ये वाजवीत, गाणी गात रस्त्यांतून फिरू लागली. अन्य धर्मीय चिडतील आणि दंगा होईल असे कारण पुढे करून इंग्रज सरकारने त्यांना पकडले, शिक्षा केल्या. ज्यांच्या भावना दुखावतील म्हणून ही कारवाई झाली, त्या हिंदू-मुसलमानांपैकीच अनेकांनी या मिरवणुकांच्या हक्कासाठी आवाज उठविला. कलकत्त्यास ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी निषेध केला. आपल्याला न पटणाऱ्या माणसाच्या बोलण्याच्या हक्कासाठी उभे राहण्याची ही परंपरा परदेशी नाही.

त्याच १८८२ साली इंग्लंडमध्ये वेस्टन-सुपर-मेअर या गावी मुक्तिफौजेच्या मिरवणुकीवर विरोधकांची टोळी चालून येत असे आणि स्थानिक न्यायाधीशांनी शांतताभंगाचा ठपका ठेवला तो मिरवणूक काढणाऱ्यांवर. वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. कायदेशीर कृत्य करणारा मनुष्य, दुसरा कोणी चिडून बेकायदा वागेल एवढ्या कारणाने गुन्हेगार ठरत नाही, असे तत्त्व त्या निकालाने घालून दिले. शांतता कोणी मोडली याचा शोध घ्यायचा की ज्याच्यावर हल्ला झाला त्यालाच गजाआड करायचे, हा प्रश्न आपल्याकडे आजही सुटलेला नाही. प्रार्थनेसाठी जमलेल्यांना जमावाने घेरावे आणि पोलिसांनी येऊन प्रार्थना करणाऱ्यांनाच गाडीत घालावे, या प्रकारांचे मूळ त्यात आहे.

उपदेशाने माणूस बदलतो तेव्हा तो कसा बदलतो, याचे एक उदाहरण मराठी वाचकाच्या घरातलेच आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असता रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाची गाठ पडली. बोलणे काव्यावरून धर्मावर आले. उतरताना त्या गृहस्थाने ‘नवा करार’ टिळकांच्या हाती ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. त्याचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधला काळ वाचनाचा, शंकांचा आणि पत्रव्यवहाराचा होता. ही कथा केवळ गोड नाही. त्या निर्णयाने लक्ष्मीबाईंचा संसार मोडला, त्या वेड्यापिशा झाल्या, काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’त ते दुःख त्यांनी लपविलेले नाही. पण त्याच लक्ष्मीबाईंनी नवरा बाटला म्हणून स्वतः धर्म सोडला नाही. सोवळेओवळे आणि जातिभेद यांचा स्वतःच्या बुद्धीने निकाल लावून, सावकाश, आपल्या पायांनी चालत त्या त्या वाटेवर आल्या. तेव्हा एखादा कलेक्टर त्यांच्या मनाची चौकशी करावयास आला असता, तर त्यांनी त्याला आपल्या खास भाषेत वाटेला लावले असते.

घटना समितीत हा विषय ६ डिसेंबर १९४८ रोजी तपशिलाने चर्चिला गेला. धर्म ‘पाळणे’ व ‘आचरणे’ यांच्या जोडीला ‘प्रसार करणे’ हा शब्द असू नये, असा आग्रह लोकनाथ मिश्र यांनी धरला. लक्ष्मीकांत मैत्र, टी. टी. कृष्णम्माचारी आणि कन्हैयालाल मुन्शी यांनी त्या शब्दाची बाजू घेतली. या तिघांपैकी कोणीही ख्रिस्ती नव्हते. कृष्णम्माचारींनी तर सांगितले की, आपण अनेक वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपल्याला बाटविण्याचा यत्न कोणी केला नाही. अस्पृश्याला जो दर्जा हिंदू समाज नाकारतो तो त्याला अन्यत्र मिळतो, हे धर्मांतराचे खरे कारण त्यांनी सभागृहापुढे ठेवले. अखेर तो शब्द पंचविसाव्या कलमात राहिला.

शब्द राहिला, पण त्यातील अर्थ पुढे झिजविला गेला. ओरिसाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मांतराला आळा घालणारे कायदे केले. त्यांना ‘धर्मस्वातंत्र्य’ असे नाव दिले, हा भाषेवरचा अत्याचार होता. १७ जानेवारी १९७७ रोजी, आणीबाणी चालू असताना, सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे वैध ठरविले. दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क ‘प्रसारा’त येत नाही, असे ते म्हणाले. दुसऱ्याला बदलणे हा कोणाचा हक्क असू शकत नाही, हे खरेच. परंतु स्वतः बदलणे हा ऐकणाऱ्याचा हक्क आहे आणि त्याचा पुरेसा विचार त्या निकालात झाला नाही. १९७८ साली जनता राजवटीत ओमप्रकाश त्यागी यांनी असेच विधेयक लोकसभेत आणले. ख्रिस्ती समाज रस्त्यावर आला, मदर तेरेसांनी पंतप्रधानांना उघड पत्र लिहिले, लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक मावळले. ज्या राजवटीत समाजवादीही भागीदार होते, तिच्या काळात असे विधेयक येऊ शकले, हे विसरता येणार नाही.

आजचे कायदे त्याहून कितीतरी पुढे गेले आहेत. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यानुसार धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचे आणि पोलिसांनी त्याच्या खऱ्या हेतूची चौकशी करायची. ‘प्रलोभना’च्या व्याख्येत चांगले जीवनमान आणि दैवी कोपही आला आहे. देव रागावेल असे सांगणे गुन्हा ठरले, तर कोणत्या धर्माचा कीर्तनकार सुरक्षित राहील? निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे. २०२४ च्या दुरुस्तीने तक्रार करण्याचा अधिकार कोणाही व्यक्तीला दिला आणि काही गुन्ह्यांची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली. पूर्वीच्या धर्मात परत येणे मात्र या कायद्याच्या लेखी धर्मांतरच नव्हे! न्यायालयांनी अधूनमधून लगाम खेचला आहे. हिमाचल प्रदेशाच्या कायद्यातील पूर्वसूचनेची अट तेथील उच्च न्यायालयाने २०१२ साली रद्द केली. बायबल वाटणे व चांगली शिकवण देणे म्हणजे प्रलोभन नव्हे, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फत्तेपूरचे अनेक गुन्हे रद्द करताना फौजदारी कायदा निरपराधांच्या छळाचे साधन होता कामा नये, असे बजावले. परंतु निकाल लागेपर्यंत गेलेले दिवस आणि मोडलेली घरे कोण परत देणार?

या साऱ्या कायद्यांत एक कलम बहुधा सारखेच आढळते. स्त्री, अज्ञान बालक, दलित किंवा आदिवासी यांचे धर्मांतर घडविल्यास शिक्षा अधिक. बालकाच्या पंक्तीला प्रौढ स्त्री आणि प्रौढ दलित बसविण्याची ही वृत्ती कोणाची आहे, हे जोतीराव फुल्यांच्या महाराष्ट्राला सांगायला नको. फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात अशा कुटुंबाची कल्पना मांडली की, ज्यात पत्नी, पती, मुलगी आणि मुलगा आपापल्या वाचनाने व बुद्धीने वेगवेगळे धर्म स्वीकारतात आणि तरीही एका घरात प्रेमाने राहतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो माणसांनी बाबासाहेबांसमवेत धम्म स्वीकारला. त्या लाखोंच्या ‘खऱ्या हेतू’ची चौकशी कोणत्या फौजदाराने करावयाची होती?

आणि प्रलोभनाचीच भाषा करायची तर सर्वांत मोठे प्रलोभन कोण दाखविते? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती वा मुसलमान झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली त्या मिळाल्या. एका धर्मात राहिलास तर नोकरी, दुसऱ्यात गेलास तर नाही, असा सौदा राज्यसंस्थाच करते आणि चौकात पुस्तिका वाटणाऱ्यावर मात्र आमिषाचा आळ येतो.

उपदेशकांनाही काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ज्या श्रोत्याला उठून जाता येते, त्यालाच उपदेश करणे न्याय्य होय. रुग्णशय्येवरचा आजारी, वसतिगृहातील अनाथ मूल आणि पुरात घर वाहून गेलेला मनुष्य यांना उठून जाता येत नाही. प्रार्थनेने दुर्धर रोग हटतो असे सांगून औषध सोडावयास लावणे ही सेवा नव्हे, फसवणूक आहे. त्यासाठी धर्मांतराचे कायदे लागत नाहीत. फसवणूक, धमकी आणि जबरदस्ती हे गुन्हे आधीपासूनच आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर महाराष्ट्राने २०१३ साली केलेला जादूटोणाविरोधी कायदा भोंदूचा धर्म विचारीत नाही, त्याचे कृत्य पाहतो. शोषण थांबविण्याचा रस्ता तो आहे.

लंडन-न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हरेकृष्ण पंथाचे भक्त अनोळखी माणसांच्या हाती गीता ठेवतात, मृदंग वाजवीत नाचतात, आणि त्याचा येथे अनेकांना अभिमान वाटतो. तो वाटावाही. मात्र तेथे मागितलेले स्वातंत्र्य येथे दुसऱ्याला देण्याची तयारी हवी. ज्यांना ख्रिस्ती उपदेशक खुपतो, त्यांनी शेजारच्या चौकात उभे राहून आपले म्हणणे मांडावे. त्याहून उत्तम म्हणजे दलिताला विहीर, देऊळ, जमीन आणि मान देऊन त्या उपदेशकाचा श्रोताच कमी करावा. हे कष्टाचे काम ज्यांना नको असते, तेच पोलिसाला हाक मारतात. वाटसरूने पुस्तिका वाचावी की फेकून द्यावी, हा निर्णय त्याचा आहे. तो त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार उपदेशकाला नाही, जमावाला नाही आणि सरकारलाही नाही.